पेवाची ज्वारी आणि सोन्याचं पाणी

पाईकराव सरांना जेवायला बोलवायचं म्हटलं की आखाडा बाळापुरात लोक दहादा विचार करायचे. माणूस खादाड नव्हता, भांडखोर तर मुळीच नव्हता. पण ताट पुढं आलं की खिशातून डोळ्यांच्या थेंबांची एक जुनी बाटली निघायची, आणि ज्या पदार्थाचा पिवळेपणा सरांना पटला नाही त्याच्यावर त्या बाटलीतला एक थेंब पडायचा. बाटलीत पातळ केलेलं आम्ल असे. पदार्थ गुलाबी झाला की त्यात कापड रंगवायचा रंग घातलाय असं समजायचं. आता तुम्हीच सांगा, असल्या पाहुण्याला कोण हौसेनं बोलवील?

मी त्यांच्याच कॉलेजात मराठी शिकवायचे, ते रसायनशास्त्र. आमची स्टाफरूम आणि त्यांची प्रयोगशाळा यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीला वर एक झरोका. त्यामुळं माझ्या डब्यातल्या मेथीच्या भाजीला निम्मं वर्ष गंधकाचा वास यायचा. मी भांडायला गेले की ते हातातली नळी खाली न ठेवता म्हणायचे, "बघून सांगतो." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चहा घेणार का? बघून सांगतो. पुतणीला स्थळ आलंय, मुलगा कसा वाटतो? बघून सांगतो. एकदा प्राचार्यांनी जाता जाता विचारलं, काय पाईकराव, बरं आहे ना? तर त्यालाही तेच. आणि कहर म्हणजे दोन दिवसांनी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन, "व्हय सर, बरं हाय," असं सांगून आले. प्राचार्य बिचारे दिवसभर विचार करत बसले, काय बरं आहे म्हणून.

त्या थेंबाच्या बाटलीनं नव्वदच्या दशकात एक लग्न जवळजवळ मोडलंच होतं. आमच्या क्रीडाशिक्षकांच्या बहिणीचं लग्न. सर चुकून वराकडच्या पंगतीत जाऊन बसले. बुंदी आली, थेंब पडला, बुंदी गुलाबी. सर काही ओरडले बिरडले नाहीत. त्यांनी आपली बुंदी ताटाच्या कडेला सारली आणि शेजारच्याला हळूच सांगितलं, ही खाऊ नका. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला सांगितलं. बघता बघता अख्ख्या पंगतीची बुंदी कडेला! मुलीच्या वडिलांनी ते लांबून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. वरपक्ष रुसला असं त्यांना वाटलं. ते धावत आले, मुलाच्या मामापुढं हात जोडून उभे राहिले, आमचं काही चुकलं असेल तर सांगा म्हणाले. मामा आपले निवांत भात कालवत होते, त्यांना रुसव्याचा पत्ताही नव्हता. पण समोरचा एवढा गयावया करतोय म्हटल्यावर त्यांना आठवलं की सकाळी आपल्याला मानाची टोपी द्यायची राहिलीय. मग ते खरोखरच रुसले. त्यांची समजूत घालता घालता संध्याकाळ झाली. सर मात्र तोवर आचाऱ्याच्या मागं उभं राहून रंगाची पुडी कुठून आणली ते विचारत होते.

दिसायला सर उंच आणि किडकिडीत. शर्टाच्या पुढच्या बाजूला आम्लाची भोकं. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या वैनी, झेडपीच्या शाळेत शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "ह्यांचे शर्ट मी रंगावरून न्हाई, भोकांवरून ओळखते." वैनींची जीभ तिखट आणि सरांना तिचा पहिल्यापासून धाक. दोघं नवराबायको संध्याकाळी बाजारातून चालत जायचे तेव्हा भाजीवाल्या बाया सरांना बघून हिरव्या वाटाण्याच्या पाट्या मागं सरकवायच्या. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. ते वाकून बघायचेच.

पुढं दोन हजारची काही वर्षं उलटल्यावर सर उन्हाळ्यात हैदराबादला शिक्षकांच्या कसल्याशा वर्गाला गेले आणि तिथून आले ते पार बदलून. बुंदी, दूध, मिरचीपूड, सगळं सुटलं. तोंडात एकच शब्द, ॲप्टामर. स्टाफरूममध्ये डबा खाताना ॲप्टामर, बसस्टँडवर ॲप्टामर. वैनी म्हणाल्या, कुणी बाई असती तर निदान तिच्या घरी जाऊन भांडले तरी असते.

मला विज्ञानातलं ओ का ठो कळत नाही. पण सरांनी मला ते समजावून सांगितलं ते अजून लक्षात आहे, कारण मला समजलं की सगळ्यांना समजेल अशी त्यांची पक्की खात्री होती. ॲप्टामर म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला एक अतिबारीक धागा. आपल्या पेशीत जो डीएनए असतो त्याचाच एक छोटा तुकडा म्हणा. असे कोट्यवधी धागे तयार करतात आणि त्यातला नेमका एक शोधून काढतात, जो एकाच पदार्थाला धरतो. बाकी कशाकडं ढुंकून बघत नाही. "जत्रेत चुकलेलं लेकरू बघा मॅडम," ते म्हणाले, "शंभर बाया असू द्या, ते आपल्याच मायचा पदर धरतंय."

सरांना हवा होता तो धागा धान्यातल्या एका बुरशीच्या विषाला धरणारा होता. ओलसर जागेत साठवलेल्या ज्वारीवर, मक्यावर ही बुरशी येते. तिचं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं तर माणसाची किडनी जाते, असं ते सांगत. विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. म्हणून ही युक्ती. सोन्याचे डोळ्याला न दिसणारे कण पाण्यात सोडले की पाणी लाल होतं. धागा त्या कणांना बिलगून असला तर वरून मीठ टाकलं तरी पाणी लालच राहतं. पण धान्याच्या अर्कात ते विष असलं तर धागा सोनं सोडून विषाकडं जातो. मग उघड्या पडलेल्या सोन्याचे कण मिठानं गोळा होतात आणि पाणी निळं पडतं. लाल म्हणजे खा, निळं म्हणजे टाका. मी म्हटलं, म्हणजे ठरलेली सोयरीक मोडून पळून जाणारा धागा. सर इतके खूश झाले की पुढच्या तासाला त्यांनी बारावीच्या वर्गात तसंच शिकवलं, आणि पोरं आठवडाभर हसत होती.

आता सोनं कुठून आणायचं? कॉलेज आम्लाची बाटली द्यायलाही का कू करायचं. सरांनी एक दिवस बोटातली लग्नातली अंगठी काढली आणि आम्लात टाकली. सोनार सोनं शुद्ध करायला जे जालीम आम्ल वापरतात, तेच. त्यातलं तांबं-चांदी बाजूला काढता काढता पावसाळा गेला. वैनींचं लक्ष बोटाकडं गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, अंगठी कुठाय? सरांनी खरं ते सांगितलं, "विरघळवली."

त्यानंतर त्या घरात बरेच दिवस फक्त भांडी बोलत होती. शेवटी सरांनी एक लहान बाटली आणून वैनींच्या पुढं ठेवली. आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. म्हणाले, "कुठं गेली न्हाई, हितंच हाय." वैनींनी बाटली उजेडात धरून बघितली. माझ्या बापानं पिवळं दिलं होतं, एवढंच बोलल्या आणि ती बाटली उचलून कपाटाच्या लॉकरमध्ये आपल्या मंगळसूत्राशेजारी ठेवून कुलूप लावलं. सोनं आहे ना, मग सोन्याच्या जागी राहील. किल्ली कमरेला. त्यामुळं सरांना प्रयोग करायचा म्हणजे आधी वैनींच्या शाळेत जावं लागायचं. तिसरीच्या वर्गाच्या दारात हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक उभा आहे आणि वैनी पाढे संपेपर्यंत त्याच्याकडं मुद्दाम बघत नाहीत, हे मी स्वतः बघितलंय.

धागा मात्र विकत मागवावा लागला. तो एका मोठ्या शहरातून कुरिअरनं निघाला, बर्फात घातलेला. पण कुरिअरवाला बाळापुरात येईना. त्यानं तो खोका वारंगा फाट्यावरच्या एका खिचडीच्या हॉटेलात ठेवला आणि निघून गेला. हॉटेलवाला भला माणूस. बर्फ वितळतोय बघून त्यानं खोका उघडला, आतली बोटाच्या पेराएवढी नळी काढली आणि थंड पेयांच्या बाटल्यांत फ्रीजमध्ये ठेवली. सर धापा टाकत पोचले तर तो बिचारा तोंड पाडून उभा. म्हणाला, "सर, तुमाला फसवलं. नळी रिकामी हाय." सरांनी नळी उजेडात धरली. खरंच काही दिसत नव्हतं, तळाशी नुसता पांढरट डाग, आणि तोच तर धागा. सरांचा चेहरा असा फुलला की हॉटेलवाल्यानं त्यांना आधी खाली बसवून खिचडी खायला घातली. एवढ्या लांबून रिकामी नळी मागवून हसणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितला असणार.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं. जगात किती धान्यं, किती विषं, तुम्ही ज्वारीच काहून धरली? तेव्हा ते पहिल्यांदा गंभीर झाले. आणि मग मला आमच्या वसतिगृहाची गोष्ट कळली.

कॉलेजच्या आवारातच खेड्यापाड्यांतल्या पोरांचं वसतिगृह होतं. बहुतेक पोरं मजुरांची. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना नाना म्हणायचे, मोठे जमीनदार. कॉलेजची जागा त्यांनीच दिलेली, मनानं उदार. तालुक्यात बहुतेकांची पेवं बुजली होती, नानांचं तेवढं चालू होतं. पेव म्हणजे जमिनीखाली खोल खणलेलं धान्याचं कोठार. दिवाळीनंतर ते उघडायचे. तोंड मोकळं करून आधी कंदील दोरीनं खाली सोडायचे. तो विझला तर त्या दिवशी कुणी आत उतरायचं नाही, कारण आत हवा कोंडलेली असते. दुसऱ्या दिवशी गडी उतरायचे. मधली पांढरीशुभ्र ज्वारी नानांच्या घरच्या कणगीत जायची. भिंतीला लागलेली, बुडाची, ओल धरलेली काळपट ज्वारी वेगळी निघायची. ती टाकून द्यायची तर मुकादमाच्या जिवावर यायचं. म्हणून ती वसतिगृहाला. पोत्यांना झेंडूचे हार घालायचे, फोटो निघायचा, आणि नाना दरवर्षी भाषणात सांगायचे की मी खातो तेच माझी पोरं खातात. कुणाच्या मनात पाप नव्हतं. रीतच तशी पडली होती, आणि रीतीकडं कोण बघतं?

पाईकराव सर त्याच वसतिगृहात वाढलेले. त्या भाकरीला एक कुबट वास असायचा, ते म्हणाले. आता तोही राहिला नव्हता. वसतिगृहात स्वयंपाक करणारी गंगाबाई मोठी कष्टाळू बाई. ती ज्वारी चार पाण्यांनी धुवायची, गच्चीवर कडक उन्हात वाळवायची, पाखडायची. वास जायचा, काळपटपणाही बराच जायचा. "पण विष धुऊन जात न्हाई," सर म्हणाले. "पोरं खाऊन राहिली, मॅडम. आणि आमी पाहून राहिलो."

आता त्यांच्या नळीत काय होतं ते मला कळलं. मग मी गंधकाबद्दल भांडायचं सोडून दिलं. निदान महिनाभर.

सरांनी घरी दहा-बारा वेळा तालीम केली. चांगल्या ज्वारीला लाल, मुद्दाम कुजवलेल्या ज्वारीला निळं. बरोबर जमलं. त्या वर्षी झेंडूचे हार घातलेली पोती आली, नानांचं भाषण झालं, मी खातो तेच माझी पोरं खातात हे वाक्यही झालं. आणि हा भाबडा माणूस सगळ्यांसमोर उठून म्हणाला, नाना, एक मूठ ज्वारी तपासू का? नाना मोकळेपणानं हसले. करा की, म्हणाले. चला, आमीबी बघतो.

प्रयोगशाळेत ही गर्दी झाली. प्राचार्य, सगळा स्टाफ, नाना मधोमध खुर्चीवर. सरांनी पोत्यातली ज्वारी दळली, स्पिरिटात घुसळली, गाळली, पाण्यानं पातळ केली, अंगठीचं लाल पाणी आणि धागा असलेल्या नळीत थेंब टाकले, वरून मीठ. पाणी निळं झालं. नानांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, आता तुमच्या घरची तपासा. सरांच्या डब्यात भाकरीचं पीठ होतं, वैनींनी मला द्यायला पाठवलेलं. ते टाकलं. निळं! कुणीतरी हळूच खोकलं. मग सरांनी नुसतं पाणी टाकून बघितलं. तेही निळं.

मागून हसण्याची लाट आली. नानांनाही हसू आवरेना. आणि मग ते बोलून गेले, "नळी सरांची हाय म्हणल्यावर निळीच व्हणार की." हसणारे एकदम कमी झाले. काही जण मात्र जास्त हसले. आमच्या गावात त्या रंगाचा झेंडा कुणाच्या वस्तीवर असतो ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सर त्याच वस्तीतले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण सर शांतपणे नळी खाली ठेवत म्हणाले, "धागा विकतचा हाय नाना, आन सोनं माझ्या सासऱ्याचं. माझं हितं काहीच न्हाई. चूक कुठं झाली ते बघून सांगतो." गर्दी पांगली. पोती कोठीघरात गेली.

प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, झालं तेवढं हसं पुरे. सर तिथून उठून थेट गंगाबाईकडं गेले. मागच्या महिन्याची बाहेरून आणलेली ज्वारी थोडी शिल्लक होती. ती संपेपर्यंत नवीन पोत्यांना हात लावू नको, एवढं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिनं नवीन ज्वारी धुऊन वाळवून तयार ठेवली, पण वाढली नाही. म्हणजे सरांच्या हाती तेवढेच दिवस होते.

ते तीन-चार दिवस माणूस जेवला की नाही देव जाणे. नळ्या घासून घासून त्यांचे हात सोलले. वैनींनी लॉकरची किल्ली स्वतःहून आणून टेबलावर ठेवली, यावरून काय ते समजा. आणि मग एका दुपारी झरोक्यातून त्यांचं हसू ऐकू आलं. मी धावत गेले. सर ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून शुद्ध केलेल्या, पाण्याच्या कॅनमधलं पाणी ओंजळीनं पीत होते आणि हसत होते. मला म्हणाले, चव घेऊन बघा. मी घेतली. आमच्या बोअरचं मचूळ पाणी, दुसरं काय!

झालं होतं असं. बाळापुरात पाणी आलं की घरातलं एकही भांडं रिकामं ठेवायचं नाही, हा सगळ्यांचा नेम. लोटा, वाटी, तांब्या, जे दिसेल ते भरायचं. गंगाबाई मधल्या वेळात कॉलेजचंही पाणी भरायची. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पाणी आलं आणि तिला सरांचा कॅन तळाला गेलेला दिसला. पाहुणे यायचे आणि भांडं रिकामं? तिनं तो मायेनं काठोकाठ भरून ठेवला. बोअरच्या पाण्यात इतका क्षार की धागा बिलगलेला असूनही सोन्याचे कण गोळा झाले. गंगाबाईला हे सांगितलं तर ती रडायलाच लागली. सर म्हणाले, अगं रडती काहून, तुझ्यामुळं कळलं की नळी खोटी न्हाई, पाणी खारं हाय.

भारनियमनामुळं कॉलेजात पाणी ऊर्ध्वपातित करायचं यंत्र धड चालत नव्हतं. सर पुन्हा वारंगा फाट्याला गेले आणि ट्रकवाल्यांच्या गॅरेजातून बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचे कॅन घेऊन आले. आणि तिथून उतरून थेट नानांच्या वाड्यावर. मी बरोबर होते, मीच हट्ट धरला. सर उभ्यानंच म्हणाले, "नाना, एकडाव माझं हसं झालं. आणखी एकडाव होऊ द्या. तुमच्या सैपाकघरातली ज्वारी तुमीच घेऊन या. मी हात लावणार न्हाई." नानांना गंमत वाटली असावी. येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना एकटेच आले. रुमालात बांधलेली घरची ज्वारी. या वेळी गर्दी नव्हती. प्राचार्य, मी, दारात गंगाबाई. सरांनी चार नळ्या मांडल्या. एकीत नुसतं पाणी, एकीत सरांच्या घरची ज्वारी, एकीत नानांच्या घरची, एकीत वसतिगृहातली धुऊन वाळवलेली. दळणापासून गाळण्यापर्यंत सगळं नानांच्या डोळ्यांपुढं. शेवटचं मीठ टाकायला सरांनी ड्रॉपर नानांच्याच हातात दिला.

नानांनी एकेका नळीत मीठ टाकलं. पाणी लाल. सरांच्या घरचं लाल. नानांच्या घरचं लाल. चौथ्या नळीत मीठ पडलं आणि लाल रंग बघता बघता मावळला, निळसर राखाडी झाला, मग निळा.

नाना म्हणाले, चूक झाली असंल, पुन्हा करू. पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांनी वसतिगृहातली ज्वारी तळहातावर घेतली, हुंगली.

"हिला वास न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई," सर म्हणाले. "गंगाबाईनं धुतली."

"दोनी माझ्याच पेवातल्या?"

"व्हय नाना. एक मधली, एक कडची."

नाना काठी टेकत उठले आणि निघून गेले, रुमाल तिथंच राहिला. प्राचार्य डोक्याला हात लावून बसले. आता पाईकरावांची बदली, ते म्हणाले. संस्थेचं एक जुनाट विद्यालय आडबाजूला होतं, जिथं प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूप लावलेलं कपाट. सगळ्यांना वाटलं सरांना तिकडंच धाडणार. वैनींनी तर भांडी पोत्यात भरायला घेतली. त्या भरायच्या, आणि सर त्यातले डबे काढून त्यात नमुने भरायचे. असं चाललं होतं त्यांचं.

बदलीचा हुकूम आला नाही. गंगाबाईची जुनी ज्वारी संपली त्या दिवशी सकाळी वसतिगृहापुढं नानांचा ट्रॅक्टर उभा राहिला. हार नाही, फोटो नाही, नानाही नाहीत. मुकादमानं खाली मान घालून सांगितलं, ही घरच्या कणगीतली हाय. आधीची पोती त्यानं परत नेली आणि ती नानांच्या समोर खड्ड्यात पुरली, असं नंतर कळलं. नानांनी पेवही बुजवून टाकलं. मला त्यांच्या त्या दिवसाच्या बोलण्याचा राग अजून आहे. पण हेही त्यांनीच केलं, ते सांगितलं नाही तर खोटेपणा होईल.

सरांनी ट्रॅक्टरमधल्या प्रत्येक पोत्यातली मूठमूठ काढून तपासली. सगळ्या नळ्या लाल. त्यांनी त्या ओळीनं खिडकीत ठेवल्या, आणि आमचे गणिताचे सर म्हणाले, दुकान टाका सर, सरबताचं.

त्याच उन्हाळ्यात माझी हिंगोलीला दुसऱ्या कॉलेजात नेमणूक झाली आणि बाळापूर सुटलं. सरांच्या बातम्या कानावर यायच्या. पण माझ्या डोळ्यांपुढं येतात ते त्या संध्याकाळचे सर, नव्या ज्वारीची पहिली भाकरी झाली तेव्हाचे.

त्या दिवशी सहा वाजताच त्यांनी वैनींना आणि मला वसतिगृहात नेलं. पोरं जमिनीवर दोन रांगांत बसली होती. आम्हा दोघींना गंगाबाईनं चुलीजवळ पाट दिले. सर पोरांच्या रांगेत जाऊन, लांब पाय कसेबसे दुमडून बसले. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. त्यांनी पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. वैनींनी तिथूनच विचारलं, काय झालं, मीठ कमी हाय का? त्यांनी मान हलवली. मग खाली मान घालून खात राहिले. एक भाकरी संपली, दुसरी संपली. चिमूटभर जेवणारा माणूस, आम्ही बघतच राहिलो. तिसरी संपली तेव्हा शेजारची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली, आणि वैनींनी डोळ्याला पदर लावला.

गंगाबाई टोपली घेऊन त्यांच्यापाशी आली आणि घुटमळली. तिला अजून दुसरी रांग वाढायची होती.

"आणखी एक, सर?"

"वाढ," सर ताटाकडं बघत म्हणाले. "ही आताची न्हाई गंगाबाई. मी हितं पोरगा व्हतो तवाची."

गंगाबाईला काही कळलं नाही. तिनं वाढली.